गंज खालून चढतो

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली जुनी गाडी बघायला घाटावरून गिऱ्हाईक आलं, की त्याच्याबरोबरचा जाणता मेकॅनिक आधी बॉनेट उघडायला जात नाही. एमएच-०८ किंवा एमएच-०७ ची पाटी दिसली की तो उकिडवा बसतो, मोबाइलचा टॉर्च लावतो आणि गाडीखाली डोकं घालतो. त्याचं बरोबर आहे. रंग पॉलिशने चमकवता येतो, सीट कव्हरं तासाभरात बदलता येतात, किलोमीटरचा आकडा मागे फिरवणारे महाभागही आहेत. पण गाडी आठ-दहा वर्षं कुठल्या हवेत उभी होती हे तिचा तळ लपवू शकत नाही. समुद्रकाठच्या उघड्या अंगणात राहिलेल्या गाडीचा रनिंग बोर्ड बाहेरून धडधाकट दिसतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकला की आतून गंजाचा भुगा सांडतो.

खाऱ्या हवेपासून गाडीचा तळ वाचवायचा कसा, हा प्रश्न कोकण-गोव्यात घरोघरी आहे. त्यावर बहुतेकांना एकच उत्तर विकलं जातं: काळं अंडरबॉडी कोटिंग. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोटिंग हा या कामातला तिसऱ्या नंबरचा उपाय आहे. पहिला गोड्या पाण्याने धुणं, दुसरा आत शिरलेलं पाणी बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या ठेवणं. असं का, ते समजायला गंज नेमका चढतो कसा हे पाहावं लागेल.

लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, हे शाळेत शिकवतात. गंज ही विजेची क्रिया आहे, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ओल्या पत्र्यावर एका जागी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते उचलतो. झिजणारी जागा एक, प्राणवायू घेणारी जागा दुसरी, आणि मंडल पूर्ण होतं ते मधल्या पाण्यातून. पावसाचं स्वच्छ पाणी वीज जेमतेम वाहतं, त्यामुळे ही क्रिया रखडत चालते. त्यात मीठ मिसळलं की ती जोरात सुरू होते.

केंब्रिजचे धातुशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर त्यांनी खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. लोखंड विरघळेल तिथे निळं आणि प्राणवायू खर्च होईल तिथे गुलाबी व्हावं, अशी दोन रसायनं त्या पाण्यात होती. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी झाली आणि मध्य निळा. कडेला थेंब उथळ असतो, तिथे हवा चटकन पोचते. मध्यभागी पाणी खोल, तिथे प्राणवायू कमी. आणि लोखंड झिजतं ते मध्यभागी, म्हणजे जिथे प्राणवायू कमी तिथेच.

ऐकायला उलटं वाटतं, पण गाडीच्या तळाचं निम्मं कोडं इथे सुटतं. उघडा, वाऱ्यावर असलेला पत्रा त्या मानाने टिकतो. सडतो तो झाकलेला पत्रा: दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वेल्डिंग केलेली फट, दरवाजाची खालची दुमडलेली कड, कोटिंगची सुटलेली कड आणि मातीखाली दडलेला भाग. चाकाच्या कमानीत आतल्या बाजूला कोकणातली तांबडी माती पोटीस बांधल्यासारखी घट्ट बसते. वरून ती वाळलेली दिसते, नखाने उकरली तर आतून ओलीच असते. त्या ओलीत मीठ, आणि हवा पोचायला वाव नाही. इव्हान्सच्या थेंबाचा मध्य तो हाच.

मिठाचा आणखी एक गुण इथे फार नडतो. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलं होतं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, आणि थंडीतल्या कोरड्या दुपारीही किनाऱ्यावर ती ३३ च्या खाली क्वचितच जाते. म्हणजे पत्र्यावर मीठ बसलं असेल तर पाऊस नसला, गाडी हलली नसली, तरी तो पत्रा पुरता कोरडा असा होतच नाही. ‘गाडी पाण्यात घातलीच नाही, मग गंजली कशी?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच पुढची झीज अडवतो. लोखंडाच्या नशिबात ते नाही. गंज मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो, पापुद्रे धरतो, शेजारचा रंग उचलतो, वेल्डिंगची फट रुंद करतो आणि त्या भुसभुशीतपणात पुढच्या पाण्याची सोय करून ठेवतो.

आता हे मीठ येतं कुठून? समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लाट फुटते तेव्हा असंख्य बुडबुडे फुटतात आणि त्यांचे सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर आत येतात. त्यातले जड थेंब किनाऱ्यालगतच पडतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या क्युर बीच इथे गंजाच्या चाचण्यांसाठी पाण्यापासून सुमारे २५ मीटर आणि २५० मीटर अंतरावर पोलादाचे नमुने वर्षानुवर्षं टांगून ठेवले गेले. जवळचे नमुने लांबच्यांपेक्षा कित्येक पट वेगाने गंजले. आपल्याकडे तमिळनाडूत मंडपमला, पांबनच्या पुलाजवळ, कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेचं असंच चाचणी केंद्र आहे. १९१४ साली सुरू झालेल्या त्या पांबन रेल्वे पुलावरची वाहतूक २०२२ च्या डिसेंबरात गंजामुळेच थांबवावी लागली. तेव्हा मुरूडला किंवा वेळणेश्वरला अगदी पुळणीला लागून घर असणं आणि गावात एक किलोमीटर आत असणं, यात गाडीच्या आयुष्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. मधे दाट वाडी किंवा गडग्याऐवजी उंच भिंत असेल तर आणखी.

मिठाचे बाकीचे रस्ते माणसाने तयार केलेले. पुळणीवर गाडी घालणं हा त्यातला सगळ्यात मूर्खपणाचा. त्याला बंदी असते, तरी दर सुट्टीत भरतीत अडकलेल्या गाड्यांचे फोटो येतात. इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून मालक सुटकेचा नि:श्वास टाकतो, पण ओली खारी वाळू रनिंग बोर्डाच्या आणि क्रॉस मेंबरच्या पोकळीत गेली ती गेलीच. फेरीबोटीचा रस्ता जास्त सभ्य, पण तोही खाराच. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघीच्या बोटीत चढता-उतरताना फळीच्या तोंडाशी खाडीचं पाणी असतं, आणि ते चाकांनी उडून नेमकं ब्रेकच्या नळ्यांवर बसतं. सगळ्यात वाईट हाल मासळीच्या पिकअपचे. हर्णै काय, मिरकरवाडा काय, बंदरावरून निघालेल्या टेम्पोतून बर्फाचं खारं पाणी रस्ताभर ठिबकत असतं. त्या टेम्पोची चासी तर जातेच, पण त्याच्यामागे रोज जाणाऱ्या गाडीलाही थोडा प्रसाद मिळतो.

गंजाचा वेग मोजायला आयएसओ ९२२३ हे मानक वापरतात. त्यात हवेचे वर्ग आहेत, आणि उघड्या साध्या पोलादाची पहिल्या वर्षात किती झीज होते त्यावर ते ठरतात. सी-३ म्हणजे मध्यम हवेत २५ ते ५० मायक्रॉन, तर सी-५ मध्ये, जिथे खाऱ्या किनाऱ्यांची गणना होते, ८० ते २०० मायक्रॉन. मोटारीच्या बॉडीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, म्हणजे ७०० ते ८०० मायक्रॉन जाडीचा. तो दोन्ही बाजूंनी झिजू लागला तर हिशेब काही वर्षांतच संपतो. तसं होत नाही, कारण पत्र्यावर रंग असतो. रंग जिथे फुटला तिथून हा हिशेब सुरू होतो.

कारखान्यात गाडीला मिळणारं संरक्षण आपण समजतो त्याहून चांगलं असतं. बॉडीचे बरेच पत्रे जस्ताचा मुलामा दिलेले असतात. पोर्शने १९७० च्या दशकाच्या मध्यात ९११ ची पूर्ण बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची करायला सुरुवात केली, आणि नंतर ही पद्धत हळूहळू सर्वसाधारण गाड्यांपर्यंत उतरली. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून रंगाला छोटा ओरखडा पडला तरी पत्रा काही काळ वाचतो. वेल्डिंग झालेली अख्खी बॉडी मग फॉस्फेटच्या आणि त्यानंतर प्रायमरच्या हौदात बुडवतात. प्रायमरच्या हौदात वीज सोडलेली असते, त्यामुळे रंगाचे कण आपण होऊन पत्र्याकडे ओढले जातात आणि ब्रश किंवा स्प्रे पोचणार नाही अशा पोकळीतही साधारण २० मायक्रॉनचा थर बसतो. बॉडी भट्टीत भाजली की तो पक्का होतो. शेवटी सांधे सीलंटने भरतात आणि चाकांच्या कमानीत, तळावर जिथे खडी लागते तिथे पीव्हीसीचा जाड थर मारतात.

हे संरक्षण फुटतं ते ठरलेल्या ठिकाणी. चाकामागचा भाग, कारण टायर खडी फेकतो. जॅक लावायची जागा, कारण घाईत जॅक तिरका लागतो. पोकळ भागांच्या तळाची पाणी निचऱ्याची भोकं, कारण ती मातीने बुजतात. आणि अपघातानंतर बदललेला किंवा ठोकून सरळ केलेला पत्रा. डेंटिंग-पेंटिंगवाला बाहेरून कितीही सुरेख रंग देवो, वेल्डिंगच्या आचेने आतल्या बाजूचा प्रायमर जळालेला असतो आणि तिथे पुन्हा काही मारायची तसदी फार थोडी गॅरेजं घेतात. जुन्या गाडीचा एकच दरवाजा किंवा एकच फेंडर गंजलेला दिसला तर त्यामागे जुना अपघात असण्याची शक्यता मोठी.

पावसाबद्दलचा एक गैरसमज इथे दूर करायला हवा. कोकणातले लोक गंजाचं खापर पावसावर फोडतात. वरच्या पत्र्यापुरतं पाहिलं तर पाऊस गाडीच्या फायद्याचाच आहे, तो टपावरचं, बॉनेटवरचं मीठ धुऊन नेतो. तळाला मात्र खारा वारा लागतो, पाऊस लागत नाही. चाकांचं शिंतोड्याचं पाणी पोचतं ते माती घेऊन. म्हणून तळावरचं मीठ वर्षानुवर्षं साचत जातं आणि पावसाळ्याची दमट हवा त्याला भिजतं ठेवते. जे काम पाऊस वरून करतो ते खालून आपल्याला करायचं आहे. धुण्याला पहिला नंबर मी देतो तो यासाठी.

धुवायचं म्हणजे वॉशिंग सेंटरला गाडी रॅम्पवर चढवून खालून प्रेशरने. फेसाचा शॅम्पू, मेणाचं पॉलिश हे वरचे लाड; तळाला हवं ते फक्त भरपूर पाणी. चारही चाकांच्या कमानी आतून, रनिंग बोर्डाच्या कडा, मागच्या ॲक्सलच्या वरचा भाग आणि पेट्रोलच्या टाकीचे पट्टे, या जागांवर पिचकारी थोडी जास्त वेळ धरायला सांगावी. फक्त एक काळजी घ्यावी: पाणी गोडं हवं. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ विहिरी आणि बोअरवेल मचूळ असतात, आणि त्या पाण्याने तळ धुणं म्हणजे पैसे देऊन मीठ चढवणं. पाणी जिभेवर लावून बघायला संकोच करू नये. घरी रॅम्प नसेल तर बागेचा फिरता फवारा नळीला जोडून गाडीखाली सरकवावा आणि पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून जागा बदलत राहावी. प्रेशर नसलं तरी चालतं; मीठ विरघळायला वेळ लागतो, जोर नाही. धुतल्यावर गाडी लगेच कव्हर घालून ठेवू नये, पाच-सहा किलोमीटर फिरवून आणावी. बंदराकडे, फेरीबोटीने किंवा पुळणीच्या रस्त्याने जाऊन आलात तर त्याच दिवशी, एरवी किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा धुतलं तरी पुष्कळ झालं.

गाडी उभी कुठे करता यालाही महत्त्व आहे. गवतावर किंवा मातीवर उभ्या गाडीच्या तळाला जमिनीची वाफ रात्रभर लागते. कोबा किंवा फरशी बरी. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालण्यापेक्षा ती उघडी राहिलेली चालेल.

दुसरं काम निचऱ्याचं. प्रत्येक दरवाजाच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं असतात, तशीच रनिंग बोर्डाच्या तळाला. काचेच्या रबरातून दरवाजात पाणी शिरतंच, ते शिरायचंच असतं. खालून निघून जावं अशीच रचना आहे. भोक बुजलं की दरवाजा आतून कुजतो. जाड सुतळी किंवा केबल टाय घालून ही भोकं वर्षातून दोनदा साफ करावीत, तारेने खरवडू नये, रंग जातो. पुढच्या काचेखालच्या जाळीत आंब्या-फणसाचा पाला साचतो, तोही काढावा. याला खर्च शून्य आहे, म्हणूनच कुठल्या सर्व्हिसिंगच्या बिलात ते दिसत नाही.

पावसानंतर, दिवाळीच्या आधी, गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवून स्वतःच्या डोळ्यांनी बघावी. घरच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. लिफ्टवर पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरतो, कारण ॲक्सल, सस्पेन्शनचे आर्म, चाकाचा हब हे सगळं तांबूस दिसतं. त्यातलं बरंचसं जाड ओतीव किंवा घडीव पोलाद असतं आणि वरवरच्या तांबूसपणाने त्याचं फारसं बिघडत नाही. डोळा ठेवायचा तो पातळ गोष्टींवर: ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, रनिंग बोर्ड, फ्लोअरचा पत्रा, स्प्रिंगची खालची बैठक. ब्रेकची पोलादी नळी जेमतेम पावणेपाच मिलिमीटर जाड आणि तिची भिंत ०.७ मिलिमीटरची. तिच्यावर प्लॅस्टिकच्या क्लिपा बसवलेल्या असतात, आणि गंज नेमका त्या क्लिपांखाली धरतो. पत्रा तपासायला मुठीने ठोकावं. खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज बसका आला, पापुद्रे पडले किंवा रंगाखाली फोड दिसले तर आतलं काम बाहेर आलं आहे असं समजावं.

सायलेन्सर गंजला म्हणून तळाच्या कोटिंगला दोष देऊ नये, तो आतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. घर ते बाजारपेठ एवढ्याच फेऱ्या होत असतील तर सायलेन्सर पुरता तापत नाही आणि ते पाणी आतच राहतं. आठवड्यातून एकदा लांब फेरी, एवढाच त्याला उपाय.

आता कोटिंग. गॅरेजवाला सगळ्याला ‘अँटी-रस्ट’ म्हणतो, पण त्याचे तीन अगदी निराळे प्रकार आहेत. पहिला डांबर किंवा रबराचा काळा, सुकून कडक होणारा थर. खडीचा मार तो छान झेलतो, रस्त्याचा आवाजही कमी करतो. नव्या कोऱ्या, कोरड्या पत्र्यावर मारला तर चांगला. पण काही वर्षांनी तो ताठरतो, बारीक तडे जातात, कड सुटते, आणि त्या कडेखाली खारं पाणी शिरलं की वर इतका वेळ सांगितलेला थेंबाचा खेळ अंधारात सुरू होतो. बाहेरून तळ काळाभोर आणि सुंदर दिसत राहतो. गंज धरलेल्या जुन्या गाडीवर हे कोटिंग मी कुणालाही सुचवणार नाही. आणि विकायला काढलेल्या जुन्या गाडीचा तळ ताज्या काळ्या कोटिंगने चकाकत असेल तर भाव करण्याआधी दोनदा विचार करावा.

दुसरा प्रकार मेणाचा. तो सुकला तरी थोडा लवचिक राहतो, बारीक फटीत उतरतो, आणि पारदर्शक प्रकार घेतला तर खालचा पत्रा दिसतही राहतो. रनिंग बोर्ड, दरवाजे आणि क्रॉस मेंबरच्या पोकळीत मारायचं ते हेच. रबरी बूच काढून, लांब नळीच्या टोकाला चारी बाजूंनी फवारणारं नॉझल लावून. खरं सांगायचं तर बाहेरून दिसणाऱ्या तळापेक्षा या पोकळ्याच आधी सडतात, पण तिथे मारलेलं गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही, म्हणून बरीच गॅरेजं ते टाळतात. कोटिंग ठरवताना ‘पोकळीत मारणार का, कुठल्या भोकातून?’ हा प्रश्न विचारावा. समोरच्याला उत्तर सुचलं नाही तर दुसरं गॅरेज बघावं.

तिसरा प्रकार कधीच न सुकणाऱ्या तेलाचा, किंवा मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिन या स्निग्ध पदार्थाचा. तो सरपटत फटीत जातो, आधीच्या गंजात मुरतो आणि त्याच्यापर्यंत पाणी पोचू देत नाही. जुन्या गाडीला हाच योग्य. तोटा इतकाच, की काही दिवस ठिबकतो, धूळ धरतो आणि दर वर्षी पुन्हा मारावा लागतो. यातच आपल्याकडचा स्वस्त गावठी उपाय मोडतो, तो म्हणजे इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल डिझेलमध्ये कालवून फवारणं. गंजाला त्याने थोडा अटकाव होतो हे खरं. पण त्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं आणि धातूचा चुरा असतो, रबरी बुश त्याने फुगतात, आणि अंगणात ठिबकलेलं ते तेल शेवटी विहिरीकडे जातं. कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडतं. नको.

यातलं काहीही मारायचं तर मे महिन्यात. तेव्हा पत्रा खरा कोरडा असतो आणि नैर्ऋत्येचा खारा वारा अजून पुरता सुटलेला नसतो. आधी तळ धुऊन दोन दिवस वाळू द्यावा. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढावा. उरलेल्या घट्ट गंजावर टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचं कन्व्हर्टर लावलं तर तो स्थिर काळपट थरात बदलतो. सुट्या पापुद्र्यांवर ते लावणं वाया. उघड्या पडलेल्या धातूवर जस्ताची पूड असलेलं प्रायमर, मग रंग, मग मेण किंवा तेल. फॅब्रिकेशनवाले सर्रास मारतात तो रेड ऑक्साइड हा निव्वळ आडोसा आहे. जुन्या काळी पुलांना आणि जहाजांना लावायचे तो लाल शिशाचा रंग, म्हणजे आपण मारुतीला लावतो तो शेंदूर, खरोखर गंज रोखायचा, पण विषारी म्हणून मागे पडला. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, सायलेन्सर, ड्राइव्ह शाफ्टची रबरी बुटं, वायरींचे जोड आणि निचऱ्याची भोकं यांवर काहीही फवारू नये. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीच्या पेटीवर आणि नारिंगी केबलींवर तर नाहीच. सीएनजी टाकीचे पट्टे कोटिंगखाली झाकू नयेत. दर तीन वर्षांच्या चाचणीच्या वेळी ते दिसायला हवेत.

बॅटरीला जोडायची एक इलेक्ट्रॉनिक डबी ‘गंज थांबवते’ म्हणून विकली जाते. तिच्यामागचं तत्त्व खरं आहे. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचा तांब्याचा तळ जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून वाचवून दाखवला, आणि आजही बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. पण बोट सतत पाण्यात असते, आणि मंडल पूर्ण होतं ते त्या पाण्यातून. मोटार हवेत उभी असते. डबीचा प्रवाह तळाच्या प्रत्येक ओल्या ठिपक्यापर्यंत पोचायला मधे पाणीच नाही. ते पैसे वर्षभराच्या धुण्याला घालावेत.

बर्फाच्या देशांत राहणाऱ्या मराठी घरांना हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने भेटतो. अमेरिकेत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला दर वर्षी दोन कोटी टनांच्या आसपास मीठ टाकलं जातं. मोटारींची राजधानी डेट्रॉइट तर मिठाच्या खाणीवरच बसली आहे. फार थंडीत साध्या मिठाचा उपयोग होत नाही, म्हणून त्याच्या जोडीला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. त्यांना पत्रा भिजता ठेवायला फार आर्द्रता लागतच नाही. तिथे कोटिंगचा मोसम पहिल्या बर्फाच्या आधीचा, ऑक्टोबरचा. आणि टोरोंटोत गाडी ऊबदार गॅरेजमध्ये ठेवली म्हणजे ती सुरक्षित, असं मानू नये. बाहेर गोठलेलं मीठ जवळपास स्वस्थ असतं, आत ते वितळतं आणि उबेत गंज वेगाने चढतो. तिथल्या मिठाने किती नुकसान होतं याचा अंदाज एका दाव्यावरून यावा. टोयोटाच्या टकोमा, टुंड्रा आणि सिकोया गाड्यांच्या फ्रेमला गंजरोधक थर पुरेसा नव्हता, असा मालकांचा आरोप होता. २०१६ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड केली.

त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअपमधल्या गंजलेल्या ब्रेकच्या नळ्यांची चौकशी संपवली. मिठाच्या राज्यांतल्या मालकांना तेव्हा दिलेला सल्ला साधा होता: हिवाळाभर तळ धुवा, थंडी संपली की एकदा पूर्ण धुवा, आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्या. कोकणातल्या गाडीलाही तेच लागू आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढेल तेव्हा वेटिंग रूममध्ये चहा घेत बसू नका. खाली जा, टॉर्च मागा आणि मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी क्लिपा बाजूला सारून दाखवायला सांगा. ती खरबरीत लागली तर बाकी सगळी कामं मागे ठेवून आधी ती बदला.